वीस मोजेपर्यंत

१२ जून २०२४, बुधवार

जावयाला बियाण्याच्या दुकानात मिळालेली ही डायरी सहा महिने फळीवर पडून होती. निम्मं वर्ष उलटलं म्हणून ती कोरी ठेवणं मला पटेना. बत्तीस वर्षं गावच्या पोस्टात बसलो, दिवसाची नोंद केल्याशिवाय कधी कुलूप लावलं नाही. ती खोड अजून गेलेली नाही, म्हणून आजपासून लिहितो.

सुरुवातच तक्रारीनं करतो. चिटगुप्प्याच्या दुकानदाराकडं निळी रिफिल मागितली आणि त्यानं काळी गळ्यात मारली. घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा कळलं. कलाला दाखवलं तर म्हणते, "मला तर निळीच दिसायलीय." चाळीस वर्षं माझ्या घरच्या चुलीच्या धुरात बसलेल्या बाईला काय निळं आणि काय काळं. पुढच्या बाजाराला जाऊन बदलून आणीन.

२१ जून, शुक्रवार

चार दिवस झड लागून आज उघडलं. माळावर अळंबी निघाली आणि सकाळपासून ओट्यावर टोपल्या यायला लागल्या.

आमच्या लाल माळावर चिंचेच्या, निलगिरीच्या बुडाशी जाडजूड अळंबी येतात. यांना छत्रीखाली पात्या नसतात, बारीक भोकांची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. मी माळकरी, मला मटणाची चव ठाऊक नाही, पण खाणारे सांगतात की याच्यापुढं मटण मागं पडतं. अडचण एवढीच, की हुबेहूब तसंच दिसणारं एक वाईट अळंबंही त्याच झाडाखाली येतं. ते पोटात गेलं की धडधाकट माणूस ओकून ओकून अर्धा होतो. लेकरांचं आणि आजाऱ्यांचं तर सांगता येत नाही.

पारख आमच्या घराकडं आहे. आजोबांनी बापाला शिकवली, बापानं मला. अळंबं देठापासून उभं चिरायचं, जाळीवर अंगठा दाबायचा आणि सावकाश वीस मोजायचं. वीसच्या आत निळं पडलं तर फेकून द्यायचं, नाही पडलं तर बाजूला ठेवायचं. एवढ्यावर संपत नाही. पारखणाऱ्यानं प्रत्येक टोपलीतली मूठभर आधी आपल्या घरी शिजवून खायची. दुसऱ्या सकाळी घरचे धड उठले की मगच टोपलीवाल्यानं चूल पेटवायची. नुसतं तोंडानं "चांगलं आहे" म्हणायला काय लागतं? आम्ही आधी खातो, म्हणून गाव आमचं ऐकतं.

या वर्षी एक नवल आहे. कला शेजारी येऊन बसायला लागली. इतकी वर्षं टोपल्या आल्या की ती आत भाकरी थापत असायची. आता चिरलेलं प्रत्येक अळंबं डोकावून बघते. म्हातारपणी माणसाला संगत हवीशी वाटते, दुसरं काय.

तिला खोकलाही झालाय. आज तीनदा ढास लागली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अवो, त्ये पुन्यांदा बघा की. देठ कसंतरीच हाय." मी बघितलं. निळं काही नव्हतं, पण देठ खरंच पोचट लागला, म्हणून टाकून दिलं.

२ जुलै, मंगळवार

आज एक आनंदाची गोष्ट. चष्मा न लावता पेपर वाचला, अगदी बारीक जाहिरातीसुद्धा. अडुसष्टाव्या वर्षी नजर सुधारायला लागली. कलाला म्हटलं, "बघ, माझं वय उलटं चाललंय. तू म्हातारी होशील आणि मी पोरगा." ती हसली, पण मनापासून नाही.

मग तिचं तेच पालुपद. "नेत्रावती म्हणायलती, बिदरला डोळ्यांचा कॅम्प हाय. एकदा दावून घ्या की." नेत्रावती म्हणजे आमच्या गल्लीची आशाताई, आरोग्य खात्याची. कलाच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच आणून देते. भली बाई आहे, पण तिला निरोगी माणूस बघवत नाही. मी म्हटलं, चष्म्याशिवाय पेपर वाचणाऱ्याला कॅम्पमध्ये नेलं तर डॉक्टर तुलाच तपासायला बसवतील.

ट्यूबलाइट नवीन बसवली तरी उजेड पिवळटच आहे. हल्ली कुठल्याच मालात दम नाही.

९ जुलै, मंगळवार

एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळत होती, आज खात्री झाली. या वर्षी एकही अळंबं निळं पडलेलं नाही. पूर्वी दहात दोन-तीन तरी पडायची. आज पाच टोपल्या पारखल्या, प्रत्येक वेळी वीस मोजले, एकदा तर तीस मोजले. जाळी मळकट होते, तपकिरी होते, पण निळी म्हणून होत नाही. मातीत काहीतरी फरक पडलाय. खतं, फवारण्या, अवेळी पाऊस, काहीही असेल. बापाच्या वेळेला हे नव्हतं. शेती खात्याला पत्र लिहावं म्हणतो.

तरी मी डोळे झाकून पास करत नाही. आजही सहा-सात टाकून दिली. हाताला बरी लागली नाहीत. अनुभव म्हणतात तो हाच.

कलाचा खोकला वाढलाय. टोपली पारखून झाली की थांबतो, मग दिवसभर नाही. मोकळ्या हवेत बसल्यानंच होत असावा. मिरं आणि गुळाचा काढा करून दिला. तोंड वाकडं करत प्याली.

रिफिल बदलून आणली होती. हीसुद्धा काळीच निघाली. दुकानदार म्हणाला, "अण्णा, हिच्यापेक्षा निळी मी कुठून आणू?" वाद घालत बसलो नाही.

१८ जुलै, गुरुवार

नेत्रावती गोळ्या घेऊन आली होती. कलाच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय, मूत्रपिंडं जरा थकलीत म्हणे. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णा, कलाक्काला जपा. उलट्या-जुलाब झाले तर लिंबूपाणी देत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. आन् उपास तर बिलकुल न्हाई." कलाच्या एकादश्या बंद झाल्या. तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, तुझ्या वाटणीची मी करतो, पुण्य अर्धं अर्धं.

नंतर दोघी दारात उभ्या राहून कानडीत कुजबुजत होत्या. मी बाहेर आलो तशा मराठीत आल्या आणि पावसाचं बोलायला लागल्या. मला कानडी येत नाही असं थोडंच आहे? पण बायकांचं बोलणं ऐकण्यात मला रस नाही.

२७ जुलै, शनिवार

अंबिका औरादहून आली, आईला साडी घेऊन. मी म्हटलं, "अगं, ही राखेच्या रंगाची कशाला आणलीस? आईवर उठून दिसेल असं काही तरी आणायचं." मायलेकींनी एकमेकींकडं बघितलं. मग अंबिकानंही कॅम्पचं काढलं. "अप्पा, पंधरा मिनिटांचं काम हाय. मोतीबिंदू आजकाल कुनालाबी होतोय."

मी चिडलो. नको तितका चिडलो, ती जेवणसुद्धा धड जेवली नाही. पण खरं ते इथं लिहितो, ही डायरी कुणी वाचणार नाही. मला डोळ्यांची भीती नाही. पोस्टातल्या या ज्ञानबाला दिसत नाही, हे एकदा गावात फिरलं की परत ओट्यावर टोपली येणार नाही. पोस्ट गेलं. शेत जावई बघतो. माझ्यापाशी आता एवढंच राहिलंय.

अंबिका जाताना पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला. कला फाट्यापर्यंत सोडायला गेली आणि बऱ्याच वेळानं आली.

३१ जुलै, बुधवार. एकादशी

आज डोकं तापलंय. लिहून काढतो, म्हणजे शांत होईल.

सकाळी हरिओम टोपली घेऊन आला. त्याच्या घरात सात माणसं, त्यात दोन लहान लेकरं. अळंबी एकाच चिंचेखालची, टपोरी, बघत राहावी अशी. मी पहिलं चिरलं, अंगठा दाबला आणि मोजायला लागलो. नेत्रावती कुणाच्या तरी घरी जाता जाता थांबली होती. मी अकरावर होतो, तेवढ्यात म्हणाली, "अण्णा, निळं पडायलंय की."

माझ्या ओट्यावर, माझ्या तोंडावर. मी अळंबं उजेडात धरलं. मळकट झालं होतं, जशी या वर्षी सगळीच होतात. मी म्हटलं, "नेत्रावती, तू सुई टोचायचं बघ, ह्ये माझ्यावर सोड." ती म्हणाली, "हरिओमदादा, तुमी तरी बघा की." हरिओम खाली बघायला लागला. तो माझ्या बापाच्या हातचं खाऊन मोठा झाला, तो काय बोलणार.

तेवढ्यात कलाला खोकला लागला. थांबेचना. एकदा, दोनदा, चारदा. मी म्हटलं, "आत जाऊन खोक. लोकं बसलेत." ती माझ्याकडं बघत राहिली आणि उठून आत गेली.

मी सगळी टोपली पास केली. वर सांगितलं, "आज माझी एकादशी. उद्या दुपारी मी ह्यातली शिजवून खातो, परवा तुमी खावा." हरिओम म्हणाला, परवापर्यंत किडे पडतील. ते खरंच होतं, ही अळंबी दोन दिवस काढत नाहीत.

कला दारात येऊन उभी होती. म्हणाली, "द्या हिकडं. मी शिजवून खाते आज. मला कुठं उपास हाय?"

मी म्हटलं, "बघा. माझ्या घरचं माणूस आज खाईल, आत्ता." नेत्रावतीनं कलाचा हात धरला आणि कानडीत काहीतरी म्हणाली. कलानं हात सोडवून घेतला आणि हसून म्हणाली, "जा गं, तुला उशीर होयलाय."

दुपारी कलानं कांदा-तिखट घालून केली. मी समोर बसलो. खाल्ली की नाही असं उद्या कुणी म्हणायला नको, म्हणून शेवटच्या घासापर्यंत बसलो. "कशी झाली?" विचारलं. "चांगली झाली," म्हणाली. मग म्हणाली, "तुमी नका वास घिऊ, उपास मोडंल." ताट तिनं स्वतः घासलं. पातेल्यात उरलेली राखेत ओतून आली. नासली असती म्हणाली.

आता चार वाजलेत. तिला मळमळतंय म्हणते. उन्हाचं असेल.

१ ऑगस्ट, गुरुवार. बिदर, दवाखाना

काल साडेचारपासून उलट्या. मी लिंबूपाणी दिलं. नेत्रावतीनं सांगितलेलं लक्षात होतं, तरी दिलं. दवाखान्यात नेलं म्हणजे अळंबी वाईट होती हे कबूल केल्यासारखं होईल असं वाटलं. तासभर गेला. मग नेत्रावतीच रिक्षा घेऊन आली. चिटगुप्प्याहून इथं पाठवलं.

सलाइन चालू आहे. लघवी होत नाही. सकाळी डोळे उघडून पहिलं काय विचारलं तर, "हरिओमनं टोपली फेकली का?" मी म्हटलं, फेकली. तेवढं ऐकलं आणि झोपली.

३ ऑगस्ट, शनिवार

कला गेली. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

काल तेरावं झालं. पाहुणे गेले. अंबिका महिनाभर राहते म्हणाली.

सगळे म्हणतात मूत्रपिंडानं गेली. डॉक्टरनंही कागदावर पहिलं तेच लिहिलंय. त्याच भाजीनं दुसरा कुणी चार उलट्या काढून उठून बसला असता, असंही ते म्हणाले. हरिओम येऊन रडला. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, आणि मी कुणाला काही विचारलं नाही.

अळंबी वाईट नव्हती. ती निळी पडली नव्हती. मी स्वतः बघितलं. वीस मोजले.

१० सप्टेंबर, मंगळवार

अंबिकानं पुन्हा विचारलं. मी हो म्हणालो. आता नाही म्हणायचं तरी कुणासाठी? ओट्यावर टोपली येत नाही. आली तरी चाखायला घरात कोण आहे?

तिनं सामान बांधताना आईची ती राखेच्या रंगाची साडी काढली, घडीच मोडलेली नव्हती. परत ठेवून दिली.

३ ऑक्टोबर, गुरुवार

२४ सप्टेंबरला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठ दिवस लिहू नका म्हणाले होते. आज परवानगी मिळाली. जे घडलं ते क्रमानं लिहितो.

पट्टी काढली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कसं दिसतंय? भिंत पांढरी होती. खिडकीत आभाळ होतं. हे आभाळ किती वर्षं मी बघितलं नव्हतं, मला सांगता येणार नाही.

फाट्यावर बसमधून उतरलो. निलगिरीच्या बुडाशी एक अळंबं उशिराचं उगवलं होतं. अंबिका "अप्पा, चला" म्हणत होती. मी खाली बसलो, नखानं चिरलं, अंगठा दाबला. सातपर्यंत मोजलं. पुढं मोजायची गरज पडली नाही. दौतीतल्या शाईसारखं निळं झालं. अंगठ्यालाही लागलं.

नेत्रावती डोळ्यात थेंब घालायला आली तेव्हा विचारलं, "कलाला ठावं व्हतं?"

तिनं बाटलीचं बूच लावलं. "व्हय अण्णा. उन्हाळ्यापासून."

"मग बोलली कामून न्हाई?"

"मी लई भांडले तिच्यासंगं. म्हणायलती, त्यांच्यापाशी आता येवढंच ऱ्हायलंय, त्ये मी कसं काढून घिऊ. मी शेजारी बसते, माझे डोळे हायती की."

"त्या दिवशी तू तिचा हात धरून काय म्हणालीस?"

"म्हणलं, खाऊ नको. फेकून दे. तर म्हणाली, आज मी न्हाई खाल्लं तर उद्या ह्ये खातील. आन् परवा हरिओमची लेकरं. दोन उलट्या होतील, झालं."

तिला ती भाजी मागच्या दारानं फेकता आली असती. खाल्ली म्हणून सांगता आलं असतं. पोटात दुखतंय म्हणून निजून राहता आलं असतं. पण मी समोर बसलो होतो. शेवटच्या घासापर्यंत बसलो होतो.

काल संध्याकाळी हरिओमच्या घरी गेलो. त्याची माणसं बसली होती, दोन्ही लेकरं अंगणात होती. मी सांगितलं, अळंबी निळी पडली होती. मला दिसत नव्हतं, तिला दिसत होतं. मी तिला आत जाऊन खोक म्हणालो. हरिओम म्हणाला, "अण्णा, मलाबी दिसलं व्हतं. मीबी बोललो न्हाई." आजपासून आमच्या घराकडची पारख संपली, हेही सांगून आलो. लेकरांना माळावरचं काही तोडू देऊ नका म्हटलं.

आज सकाळी ही डायरी उघडली. मागची पानं चाळली. कला कधी खोकली आणि मी कधी अळंबं टाकून दिलं, एकाखाली एक माझ्याच हातानं लिहून ठेवलेलं आहे. त्या खोकल्यावर मी तिला काढा पाजला होता.

आणि पानं. पहिल्या पानापासून या ओळीपर्यंत. या वर्षी एकही निळं पडलं नाही, हे जिथं लिहिलंय तेसुद्धा.

कला, रिफिल निळीच होती.